सातशे फूट एका रात्रीत, मग तेलाच्या विहिरीला महिने का?

प्रश्न मोहोळकडच्या एका मुलाचा आहे. घरची बोअरची गाडी आहे, स्वतः सोलापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. त्याने लिहिलंय, "काका, आमची गाडी संध्याकाळी शेतात लागली की पहाटेपर्यंत सातशे फूट मारून मोकळी होते. तेलाच्या विहिरीला महिना-दोन महिने आणि कोट्यवधी रुपये का लागतात? आम्ही हवेवर मारतो, तुम्ही चिखलावर का? आणि या कामात नवीन शोध लावण्यासारखं आता काही उरलंय का?"

पोरा, एकतीस वर्षं मी तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रिगवर काढली. सुरुवात गुजरातच्या जमिनीवर, नंतर मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात. निवृत्त होऊन विजापूर रोडला राहायला आलो तेव्हापासून तेलाबद्दल लोक बरंच विचारतात, पण हा प्रश्न बोअर मारणाऱ्या घरातूनच यावा लागतो. म्हणून घाई न करता उत्तर देतो.

तुमची गाडी ज्या दगडात चालते तो दगड तुमचं निम्मं काम स्वतःच करतो, हे आधी लक्षात घे. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मुरूम संपेपर्यंत तुम्ही केसिंग, म्हणजे आधाराचा पाईप, घालता आणि पुढे भोक उघडंच सोडता. सहा-साडेसहा इंचाचं ते भोक सहाशे फूट कसल्याही आधाराविना वर्षानुवर्षं उभं राहतं. मध्ये लाल गेरूचा पट्टा लागला तर तेवढ्यात थोडं ढासळतं, मोटर अडकते, एवढंच. बाकी बेसाल्ट भिंतीसारखा ताठ. पाणी लागलंच तर भेगांतून लागतं आणि हवेच्या जोरावर भुकटीसकट वर फेकलं जातं. हवा इथे चालते ती दगडाच्या जिवावर.

या बेसाल्टखाली काय आहे, तेही आपल्याच भागात बघून झालंय. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला गेला. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळाचा थर, आणि मग थेट ग्रॅनाईटच्या जातीचा पायाचा खडक. तेल तयार होतं ते समुद्राच्या किंवा मोठ्या सरोवराच्या तळाशी साठत गेलेल्या जाडच्या जाड गाळात. तो आपल्याकडे नाही. बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग बघून कुणी "तेल लागलं" म्हणालं, तर काडीने तो तवंग मोडून दाखव. काचेच्या तुकड्यांसारखा फुटून तसाच राहिला तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा. फिरून जुळून आला तर डिझेल किंवा कॉम्प्रेसरचं ऑईल. लोकांनी अशा तवंगापायी जमिनीचे व्यवहार लांबवलेले मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हायकडे ये. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. तेल आहे चुनखडीत, पण तिथवर जायला आधी शेलचे थर पार करावे लागतात. शेल म्हणजे दाबून दगड झालेली चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, पापुद्रे सुटून पडतात, पाईप आवळून धरते. वाटेतल्या प्रत्येक सच्छिद्र थरात पाणी, वायू किंवा तेल आपापल्या दाबाने कोंडलेलं असतं. तुम्ही एक भोक पाडलं की या सगळ्यांना एकाच वेळी वरची वाट मोकळी होते. म्हणजे एकीकडून भिंत आत येऊ बघते आणि दुसरीकडून आतलं वर येऊ बघतं.

तेलाच्या विहिरीत भोक पाडायला फारसा वेळ लागत नाही. पाडलेलं भोक राखायला लागतो. गेल्या दीडशे वर्षांत या कामात जे शोध टिकले, त्यांतले बहुतेक दगड फोडण्याचे नाहीतच. ते राखण्याचे आहेत.

पहिल्या गाजलेल्या विहिरीपासूनच बघ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे एडविन ड्रेक १८५९ मध्ये खोदत होता. मिठाच्या पाण्यासाठी विहिरी खोदायची जुनी रीत होती, जड छिन्नी उचलायची आणि आपटायची. त्याची छिन्नी उत्तम होती, ती घडवणारा स्मिथ हा माणूस लोहार होता. अडचण आली ती वरच्या वाळू-गोट्यांची. भोक पाडावं तेवढं बुजायचं, पाणी भरायचं. ड्रेकने लोखंडी नळ ठोकत ठोकत ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत नेला आणि नळाच्या आतून खोदलं. २७ ऑगस्टला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. तुम्ही मुरमात जे केसिंग घालता ते हेच. ड्रेकने या युक्तीचं पेटंट घेतलं नाही आणि उतारवयात त्याचे हाल झाले. याकडे मी शेवटी परत येणार आहे. आपल्या देशात दिगबोईला १८८९ मध्ये विहीर सुरू झाली तीही अशीच आपटून.

चिखलाची गोष्ट १९०१ ची. टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप नावाच्या टेकाडावर आधीचे प्रयत्न सरकत्या वाळूत फसले होते. हॅमिल बंधूंनी तिथे फिरत्या पाईपची रिग लावली. पाईपमधून पाणी खाली सोडायचं आणि भोकाच्या बाजूने ते भुकटी घेऊन वर येणार, अशी व्यवस्था. साध्या पाण्याने वाळू थांबेना. मग तळ्यात गुरं घालून पाणी गढूळ केलं आणि ते गढूळ पाणी पंपाने खाली सोडलं, असं सांगतात. गढूळ पाण्याने भिंतीवर लिंपण धरलं आणि वाळू उभी राहिली. १० जानेवारीला तेल उसळलं ते नऊ दिवस आवरलं नाही. खेड्यात कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात फिरवतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे हात पोचत नाही म्हणून पाणीच सारवण नेतं.

त्या गढूळ पाण्याचं पुढे शास्त्र झालं. आम्ही त्याला मड म्हणतो. त्यात बेंटोनाईट ही फुगणारी माती घालतात, आपल्या कच्छमधून येते. पंप चालू असताना मड पातळ वाहतं आणि पंप थांबला की दह्यासारखं विरजतं. हा गुण नसता तर पंप बंद पडताच सगळी भुकटी खाली बसून बिट, म्हणजे दगड फोडणारं टोक, गाडला गेला असता. तुमच्या गाडीवर कॉम्प्रेसर बंद झाला की भुकटी बिटला ठोकणाऱ्या हॅमरवर बसते आणि कधी कधी रॉड निघत नाहीत, ते आठव.

पण मडचं खरं काम वजनाचं. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तळावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतो. तीन हजार मीटर खोल भोक पाण्याने भरलेलं असेल तर तळाशी तीनशे किलो. खालच्या वायूचा दाब साडेतीनशे असेल तर तो पाण्याला उचलून वर येणार. मग मड पाण्याच्या सव्वापट जड करायचं, म्हणजे पावणेचारशे किलो झाले आणि वायू जागच्या जागी राहिला. जड करायला बॅराईटची पूड घालतात, पाण्याच्या चौपटीहून थोडी जास्त जड. १९२० च्या दशकात लुईझियानात स्ट्राउड नावाच्या माणसाने हे बसवलं. आपल्याकडे आंध्र प्रदेशात मंगमपेटला बॅराईटची फार मोठी खाण आहे. आता गोम अशी की मड गरजेपेक्षा जड झालं तर वरचा एखादा नाजूक थर फाटतो, मड त्यात पळून जातं, स्तंभ उतरतो आणि खालचा वायू सुटतो. कमी वजन घातलं तरी सुटतो. या दोन मर्यादांमधली पट्टी कधी कधी इतकी अरुंद असते की ड्रिलर आणि मड इंजिनिअर दर अर्ध्या तासाला वजन मोजून फळ्यावर लिहितात.

तुमच्या हवेचं वजन जवळजवळ शून्य. म्हणून ती आमच्याकडे चालत नाही. शिवाय खालून नैसर्गिक वायू आला आणि तो हवेत मिसळला तर भोकातच स्फोट होऊ शकतो.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं, म्हणून एक रात्र सांगतो. उत्तर गुजरातमधली जमिनीवरची रिग, हिवाळा, मी तेव्हा असिस्टंट ड्रिलर. बिट झिजला म्हणून पाईप वर काढत होतो, याला ट्रिप म्हणतात. एक पाईप साडेनऊ मीटरच्या आसपास, एकत्र जोडलेले तीन पाईप म्हणजे एक स्टँड. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज तोलणाऱ्याचे खांदे आणि मनगट तू बघितले असशील. रिगच्या मनोऱ्यावर उभा असलेला डेरिकमन त्याच तोलाने अठ्ठावीस मीटरचा स्टँड वरच्या फळीवरून ओढून रांगेत लावतो, रात्रभर, एकामागून एक. पाच स्टँड बाहेर आले की तेवढं पोलाद विहिरीतून कमी झालं, म्हणून विहिरीने तेवढं मड प्यायला हवं. पाच इंची पाईपच्या पाच स्टँडला साधारण साडेपाचशे लिटर. हा हिशेब छोट्या टाकीवर मोजून ट्रिप शीटवर लिहायचा असतो. पहिल्या पाचला विहिरीने ५४० लिटर घेतलं. दुसऱ्या पाचला ४१०. तिसऱ्या पाचला ३००.

वर सगळं शांत होतं. मड हलत नव्हतं. शिफ्टवरच्या वरिष्ठाचं म्हणणं, मोजमाप चुकलं असेल, ओढत राहा. पण जे मड विहिरीने घेतलं नाही त्याच्या जागी दुसरं काहीतरी आत आलेलं असणारच. झालं असं होतं की चिखल लागलेला बिट सिरिंजच्या दट्ट्यासारखा वर येताना खालून वायू ओढून घेत होता. तीनशे किलो दाबाखाली बादलीभर असलेला वायू वर येईपर्यंत तीनशे बादल्यांच्या घरात जातो, आणि ही वाढ बहुतेक शेवटच्या काही शे मीटरमध्ये होते. म्हणून वर बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एकदम सगळं दिसतं. रिगचे प्रमुख, म्हणजे टूलपुशर, त्यांना उठवलं. त्यांनी ट्रिप शीटवर एकच नजर टाकली आणि पाईप परत तळाला न्यायला सांगितलं. तळाला जाऊन पंप लावला. तासा-दीड तासाने मडमधली भुकटी चाळणाऱ्या शेकरवर मड उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगून आलं. विहीर बंद केली, चोक नावाच्या अरुंद तोटीतून हळूहळू वायू काढून दूर जाळला, मड जड केलं. सकाळी चहा आला तेव्हा माझे हात थरथरत होते. ओढत राहिलो असतो तर पाईप अर्धा बाहेर असताना विहीर सुटली असती. तीन आकड्यांनी आम्हाला वाचवलं.

"विहीर बंद केली" हे मी एका वाक्यात लिहिलं, पण १९२२ पूर्वी ते शक्यच नव्हतं. स्पिंडलटॉपसारखा उसळता फवारा म्हणजे तेव्हा यशाची खूण मानायचे, त्यात माणसं जळून मरायची. टेक्सासमधल्या जेम्स अॅबरक्रोम्बीने हॅरी कॅमेरॉन या यंत्रशाळेतल्या भागीदाराबरोबर दोन बाजूंनी येऊन पाईपला घट्ट मिठी मारणारे पोलादी ठोकळे बनवले. हा ब्लोआउट प्रिव्हेंटर, आमच्या तोंडी बीओपी. १९२६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज एकावर एक असे त्याचे तीन-चार मजले असतात, सर्वांत शेवटचा उपाय म्हणून पाईप कापून बंद करणारं पातंही असतं. पण २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर हेच पातं असूनही ११ माणसं गेली. पाईप वाकून एका बाजूला सरकला होता, पात्याच्या नीट मध्ये नव्हता, म्हणून विहीर बंद झाली नाही. त्याच्याही आधी सिमेंट नीट बसलेलं नव्हतं, आणि ते तपासणाऱ्या दाबचाचणीचे आकडे समोर असताना चुकीचे वाचले गेले.

सिमेंटवर मी सर्वांत जास्त बोलणार, कारण माझ्या मते तेलाच्या विहिरीतला सर्वांत मोठा शोध हाच आहे आणि लोकांना तो माहीतच नसतो.

आपण एकदम तीन हजार मीटर खोदत नाही. आधी रुंद भोक काही शे मीटर, त्यात पोलादी केसिंग उतरवायचं, भोवतीची पोकळी सिमेंटने भरायची. मग त्याच्या आतून थोडं लहान भोक पुढे न्यायचं, पुन्हा केसिंग, पुन्हा सिमेंट. लग्नातल्या पितळी डब्यांसारखे एकात एक बसणारे पाईप, फक्त आतला प्रत्येक डबा बाहेरच्यापेक्षा खोल गेलेला. तुझे दोन महिने मुख्यतः इथे जातात.

आता सिमेंट पाईपच्या बाहेर पोचवायचं कसं? वरून ओतलं तर मडमध्ये मिसळून वाया जाणार. कॅलिफोर्नियात १९१० च्या सुमारास पर्किन्सने दोन गुट्ट्यांची, म्हणजे बुचांची, रीत आणली. पाईपमध्ये आधी एक गुट्टी, तिच्यामागे पातळ सिमेंट, त्यामागे दुसरी गुट्टी, आणि तिच्यामागे मड ढकलायचं. पहिली गुट्टी तळाला टेकून फुटते, सिमेंट पाईपच्या तोंडातून बाहेर पडून पोकळीत वर चढतं. दुसरी गुट्टी भरीव, ती टेकली की पंपाचा काटा झटक्यात वर उडतो. याला आम्ही बंप म्हणतो. दोन हजार मीटरच्या नऊ आणि पाच-अष्टमांश इंची केसिंगला मागून सुमारे ७५ घनमीटर मड ढकलावं लागतं. पंपाचा एकेक स्ट्रोक मोजत, सगळे श्वास रोखून त्या काट्याकडे बघत असतात. एर्ल हॅलिबर्टनने १९२० च्या सुमारास ओक्लाहोमात पाण्याच्या झोताने सिमेंट एकसारखं कालवणारं यंत्र बसवलं आणि हे काम सर्वदूर गेलं.

सिमेंट पंप होत असताना त्याचे नमुने कागदी कपात भरून ठेवतात. मी दर अर्ध्या तासाने कपात नख रुतवून बघायचो. आधी ताकासारखं, मग खव्यासारखं, मग कप हाताला गरम लागतो आणि नख रुतत नाही. पण कपातलं सिमेंट घट्ट झालं म्हणून खालचं नीट बसलं असं नाही. केसिंग भोकाच्या मधोमध राहावं म्हणून त्याला धनुष्यासारख्या पट्ट्यांचे सेंट्रलायझर लावतात. एका विहिरीवर, नाव घेत नाही, रात्री पाऊस सुरू झाला आणि वेळ वाचवायला आठ सेंट्रलायझर लावलेच नाहीत. तेवढ्या पट्ट्यात केसिंग भिंतीला टेकलं. सिमेंट मोकळ्या बाजूने चढून गेलं आणि टेकलेल्या बाजूला मडची एक उभी पन्हळ तशीच राहिली. नंतर आवाजाच्या लहरींनी तपासणी केली तेव्हा ती दिसली. केसिंगला भोकं पाडून तिथे दाबाने सिमेंट कोंबायला चार दिवस गेले. तासाभराचं काम टाळल्याचे चार दिवस.

आणखी एक गोष्ट कळायला मला बरीच वर्षं लागली. पातळ सिमेंट मडपेक्षा जड, म्हणून वायू दाबून धरतं. पण घट्ट होताना मधल्या काही तासांत ते भिंतीला धरून स्वतःलाच तोलतं आणि खालच्या थरावरचा त्याचा दाब कमी होतो. दगड अजून झालेलं नाही आणि द्रव राहिलेलं नाही, नेमक्या त्या वेळात वायू त्यातून किड्यासारखी वाट काढतो. मग त्या वाटेसकट सिमेंट कायमचं घट्ट होतं. म्हणून लॅटेक्स घातलेलं सिमेंट आलं, पातळ अवस्थेतून चटकन कडक होणारं सिमेंट आलं. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

बिटबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यातलं तुला आधीच पुष्कळ कळतं. फिरत्या रिगचा जुना बिट माशाच्या शेपटीसारखा सपाट, मऊ थरात खरवडत जायचा आणि कठीण दगड लागला की थांबायचा. हॉवर्ड ह्यूजने १९०९ मध्ये दातेरी शंकू लोळवत दगड चुरडणाऱ्या बिटचं पेटंट घेतलं. टेक्सासमध्ये गूज क्रीकला त्याने चाचणी घेतली तेव्हा जिथे जुने बिट हरले होते त्या दगडात ११ तासांत १४ फूट काम झालं. तुला हे हसू येण्याइतकं कमी वाटेल, पण तोवर तिथे शून्य होतं. १९३३ मध्ये तीन शंकूंचा बिट आला. १९७० च्या दशकात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेला पीडीसी बिट आला, त्यात फिरणारा एकही भाग नाही, तो दगड सोलत जातो. तीन हजार मीटरवरून बिट बदलायचा म्हणजे शंभरावर स्टँड काढायचे आणि परत घालायचे, अर्धा दिवस गेला. पीडीसीने हे दिवस वाचवले. पण तो शेल-चुनखडीचा राजा आहे. बेसाल्टमध्ये धक्क्याने त्याच्या चकत्या तडकतात, तिथे तुमचा बटन बिट आणि हॅमरच खरा.

भोक तिरकं नेण्याचं एक सांगतो, कारण त्याचं मूळ तुला इथे बघायला मिळेल. कारखान्यांत गाळ, रबडी असलं घट्ट काही ढकलायला मोनो पंप वापरतात. रबराच्या पिळदार पोकळीत पिळदार दांडा फिरतो. १९३० च्या आसपास फ्रान्समध्ये रेने म्वानोने तो शोधला. तोच पंप उलटा चालवला, म्हणजे मड जोरात आत सोडून दांड्याला फिरायला लावलं, की तळाशी बसणारी मोटर तयार होते. वरचा पाईप न फिरवता फक्त बिट फिरतो, म्हणून थोडा बाक देऊन हवी तिकडे दिशा धरता येते. तळाची दिशा वर कळते ती मडमध्येच दाबाचे ठोके पाठवून. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरून चहूबाजूंना विहिरी फुटतात त्या अशा. २०११ मध्ये रशियाच्या साखालिनला अशी एक विहीर १२,३४५ मीटर लांब गेली, त्यातली बरीचशी आडवी.

आता खोदून झालं, केसिंग आणि सिमेंट झालं. म्हणजे आपण तेलाच्या थरासमोर पोलादाची आणि सिमेंटची भिंत बांधून ठेवली. तुमच्या बोअरमध्ये मोटर सोडली की काम संपलं. आमचं निम्मं इथून सुरू होतं. याला कंप्लीशन म्हणतात. भिंतीला नेमक्या थरासमोर भोकं पाडायची. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ लेन आणि वेल्स यांनी केसिंगमध्ये बंदूक उतरवून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे भेदायला जो आकार दिलेला दारूचा सुरुंग निघाला, तो युद्धानंतर विहिरीत आला. तांब्यासारख्या धातूच्या वाटीमागे स्फोट होतो आणि वाटीची सुई होऊन पोलाद, सिमेंट आणि दगडात घुसते. करंगळीएवढं भोक, पण हातभर किंवा त्याहून खोल. बंदूक कुठल्या खोलीवर झाडायची ते विहिरीत तार सोडून घेतलेल्या नोंदींवरून ठरतं. श्लुम्बर्जे बंधूंच्या माणसांनी अशी पहिली विद्युत नोंद ५ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनला घेतली.

चुनखडीत पुढे अॅसिड सोडतात. यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. हायड्रोक्लोरिक अॅसिडने चुनखडी विरघळते आणि तेलाची वाट मोठी होते, याचं पेटंट हर्मन फ्राशने १८९६ मध्येच घेतलं होतं. तरी पस्तीस वर्षं ते पडून राहिलं, कारण अॅसिड चुनखडीबरोबर विहिरीचा पाईपही खायचं. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये अॅसिडात आर्सेनिकचा अंश घालून बघितला, पाईप वाचला आणि हे तंत्र त्याच वर्षी चालू लागलं. मूळ कल्पना एकाची, तिला चालतं करणारी चिमूटभर पूड दुसऱ्याची. मला दुसऱ्याचं काम जास्त मोठं वाटतं.

शेवटी केसिंगच्या आत तेल वर आणणारी नळी म्हणजे ट्यूबिंग, तिच्याभोवतीची पोकळी बंद करणारा रबरी पॅकर, समुद्रतळाच्या खाली बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह वरून एका बारीक नळीतून दिलेल्या हायड्रॉलिक ऑईलच्या दाबाने उघडा राहतो. वर काही मोडलं, नळी तुटली, आग लागली, तर दाब जातो आणि स्प्रिंग त्याला आपोआप बंद करते. माणूस तिथे असो वा नसो. मला हा सर्वांत सज्जन शोध वाटतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न. उरलंय, भरपूर उरलंय, आणि त्यातलं काही तुझ्या अंगणात आहे. जगात जुन्या विहिरी कायमच्या बुजवायची वेळ येतेय, त्यांचं सिमेंट शंभर-दोनशे वर्षं गळता कामा नये. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साईड जमिनीत साठवायचा तर त्याने सिमेंट कुरतडता कामा नये. जमिनीतली उष्णता काढायला गरम आणि कठीण खडकात खोल जावं लागेल. लडाखच्या पुगा खोऱ्यात त्यासाठी विहिरींचं काम हाती घेतलंय, आणि आपल्या कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेला तीन हजार मीटरचा बोअर २०१७ मध्ये पुरा झाला. तेलवाल्यांना मऊ दगड कळतो. कठीण दगड कळतो तो तुम्हा हॅमरवाल्यांना. ही दोन माणसं एका टेबलावर क्वचित बसतात.

काही सुचलं तर ड्रेकचं आठव. आपल्याकडे पेटंट २० वर्षांचं मिळतं, पण कल्पना चारचौघांत उघडी केलीस तर ती नवी राहत नाही. आधी तात्पुरता अर्ज करायचा, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. गाडीवर बसवून गावभर दाखवायचं ते त्यानंतर.

पण त्याआधी एक काम कर. पुढच्या बोअरला वही घेऊन जा. प्रत्येक रॉड खाली जायला किती मिनिटं लागली ते लिही. भुकटीचा रंग लिही, मूठभर भुकटी पिशवीत भरून फुटांचा आकडा टाक. पाणी कुठल्या फुटाला लागलं, हवेचा दाब तेव्हा किती होता, बिटचं कोणतं बटन झिजलं, मधलं की कडेचं, तेही लिही. असे दहा बोअर झाले की वही आणि पिशव्या घेऊन घरी ये. मी माझी जुनी ट्रिप शीटं काढून ठेवतो.